बाराच्या आत चौपाटी

सायकलच्या शर्यतीत शेवटची येण्याची मला कधी लाज वाटली नाही. बाकीचे सगळे पुरुष, त्यांतले निम्मे तालमीत घुमणारे, आणि त्यांच्यात मी एकटी बाई. शेवटचा नंबर माझाच हे पहिल्या दिवशी सुटायच्या आधीच ठरलेलं होतं. धास्ती होती ती बाराची. गिरगाव चौपाटीवर दोन बांबूंना पताकांची एक दोरी बांधलेली असे. सकाळी उजाडताना तिच्याखालून सुटायचं आणि दुपारी बारा वाजायच्या आत तिच्याखालून परत यायचं. बारा वाजले की क्लबचे चिटणीस दोरी सोडायला घेत. जो बाहेर राहिला त्याचं नाव कापलं जाई आणि मागची सगळी मेहनत पाण्यात. असं शुक्रवार, शनिवार, रविवार ओळीने.

पुरुषांना हा नियम नावापुरता होता. ते कधीचेच येऊन, घाम पुसून, भेळ खात उभे असत. नियम माझ्यासाठीच केलेला असावा असा मला तेव्हा संशय होता आणि आजही आहे. नाव द्यायला गेले तेव्हा चिटणीस म्हणाले होते, "हे बघा, तुम्हाला नाही म्हणायचं पाप मी करत नाही. तिन्ही दिवस वेळेत आलात तर पुढल्या वर्षी बायकांची वेगळी शर्यत लावू. नाही आलात, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही." गृहस्थ सभ्य होते, धोतर आणि काळी टोपी, शब्दाचे पक्के. शब्दाच्या पक्क्या माणसाची भीती जास्त असते, कारण तो दोन्हीकडून पक्का असतो.

म्हणजे मी फक्त माझ्यापुरती शर्यतीत उतरले होते असं नाही. आमच्याच चाळीत दोन मुली होत्या, माझ्याहून लहान, भावांच्या सायकली चोरून चालवणाऱ्या. त्यांना मी ऐटीत सांगून बसले होते की पुढल्या वर्षी तुम्ही. हे असं आधी बोलून बसायची खोड मला लहानपणापासून आहे.

दिवस द्वैभाषिकाचे होते, मराठी-गुजराती एकाच राज्यात बांधलेले. मुंबई आपली होणार की नाही यावर सकाळचा चहा सुरू व्हायचा आणि रात्रीचं ताक संपायचं. परळ-लालबागला, आमच्या गिरगावातही, गोळ्या झाडल्या गेल्या त्याला दोन-तीन वर्षं होत आली होती, पण जिन्यात बूट वाजले की बायका अजून दाराच्या कड्या लावायच्या. आता सीमेवर सत्याग्रह चालला होता. दर आठवड्याला कुठून ना कुठून एखादी तुकडी बेळगावकडे निघायची. माझे वडील कारकून माणूस, आवाज चढवून कुणाशी बोलले नसतील, पण संध्याकाळी गॅलरीत उभं राहून पेपर असा वाचायचे की खालच्या मजल्यावरचेही हातातलं काम टाकून वर बघत. सायकलीला त्यांनी परवानगी दिली ती एका वाक्यात. "वेळेत परत ये म्हणजे झालं." आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "उद्या बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं, मुलीला स्वयंपाक येत नाही, पण ठाण्याला जाऊन बारापर्यंत घरी येते?"

सायकल दादाची, काळी, दांडीवाली, म्हशीएवढी जड. दादाने स्वतःच तिचे मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी सगळं उतरवून दिलं. "आता ही तुझ्याएवढीच हडकुळी झाली," म्हणाला. पातळ नेसून शर्यत करणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचाच लेंगा घोट्याशी नाडीने बांधला आणि वर त्याचाच सदरा. पहाटे मी हाजी अलीवरून वरळीपर्यंत सराव करायची. कोळीवाड्याच्या तोंडाशी मासळीच्या टोपल्या घेऊन बायका उभ्या असायच्या. त्या वेळी सायकलवरून येणार तो पाववाला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. पहिल्या दिवशी एकीने हाक मारली, "ए पाववाल्या, थांब." मी वळून बघितल्यावर म्हणाली, "अगो, पोरगी हाय ही." तेव्हापासून रोज, "पाव आणलास का गो?" मी रोज म्हणायची, "उद्या." एवढंच आमचं बोलणं, पण ते झालं नाही तर माझा दिवस लागत नसे.

पहिला दिवस घोडबंदरचा. गेले आणि आले. वेळ चांगली शिल्लक राहिली. चिटणीसांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर खूण केली. दुसऱ्या दिवशी भिवंडीहून परतताना भांडुपपाशी चाक बसलं. रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढलं तेव्हा हात इतके थरथरत होते की सोल्युशन ट्यूबला कमी आणि लेंग्याला जास्त लागलं. त्या दिवशी दोरीखालून गेले तेव्हा चिटणीसांचा एक हात बांबूवर होता. वडील थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी लिंबाचं सरबत ओतून दिलं, पण स्वतःच्या सदऱ्यावरच अर्धं सांडलं. मग मला कळलं की थरथरणारी मी एकटी नव्हते.

तिसऱ्या दिवशी मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याला हात लावून यायचं होतं. त्या दिवशी मला जे जमलं ते पुन्हा कधी जमलं नाही. पाय माझे नव्हतेच जणू. ठाण्याची खाडी, मुलुंड, कुर्ला, शीव, सगळं मागे गेलं आणि दादरला आले तेव्हा घड्याळाच्या एका दुकानात मी मुद्दाम बघून घेतलं. अकरा नुकतेच होऊन गेले होते. इथून चौपाटीला अगदी रमतगमत गेलं तरी बाराच्या आत पोचणार. ट्रामच्या रुळांत चाक अडकलं नाही म्हणजे झालं, एवढीच आता भीती. रूळ ओलांडायचे तर तिरपे ओलांडायचे, नाहीतर चाक खाचेत जातं आणि माणूस तोंडावर येतो. परळ येईपर्यंत मी रुळांकडे बघत आणि मनात त्या दोन मुलींना कोणत्या रंगाचे सदरे शिवायचे ते ठरवत चालले होते.

लालबागच्या नाक्यावर गर्दी दिसली. त्या दिवशी तिथून एक तुकडी ट्रकमधून बोरीबंदरला आणि पुढे बेळगावला निघायची होती आणि ट्रक यायला उशीर झाला होता, हे मला नंतर समजलं. तेव्हा दिसल्या त्या फक्त बायका, रस्ताभर बायका, नऊवारीतल्या, काहींच्या कडेवर मुलं, आणि पुष्कळ हातांत ताटं. ताटात निरांजनं पेटलेली. गिरणगावात तेव्हा रीत पडून गेली होती की सत्याग्रहाला जाणारा माणूस ओवाळल्याशिवाय नाक्याबाहेर सोडायचा नाही. तासभर ताट धरून उभ्या होत्या बिचाऱ्या. आणि समोरून काय आलं, तर मी. अंगात पुरुषी सदरा, छातीवर आडवा केशरी पट्टा. मोटारवाल्यांना लांबून दिसावं म्हणून तो पट्टा क्लबने सगळ्यांना दिलेला होता, पाठीवर लावायच्या नंबराबरोबर.

"सत्याग्रही आली रे. बाई आहे, बाई."

माझ्या पुढचे पुरुष कधीच निघून गेले होते, ते या बायकांना दिसलेच नव्हते. मी ब्रेक दाबला नसता तर दोघींना पाडलं असतं. पाय टेकला तोच सायकलभोवती कडं झालं. कुणी कपाळाला कुंकू लावलं, कुणी तळहातावर दही ठेवलं, कुणी गळ्यात झेंडूची माळ घातली. मी ओरडून सांगत होते, "अहो, मी सत्याग्रही नाही. शर्यतीतली आहे. मला बाराच्या आत पोचायचंय." पण "झालाच पाहिजे"च्या घोषणा चाललेल्या, त्यात माझं कोण ऐकणार. एक धिप्पाड बाई ऐकून हसली आणि म्हणाली, "शर्यतच हाय बाई ती. दिल्लीला हरवून ये."

मला राग लवकर येतो आणि आला की दिसतो. मी सायकल पुढे रेटली. एका बाईच्या ताटातलं निरांजन कलंडलं, तेल माझ्या सदऱ्यावर आलं. "सोडा, जाते मी," असं मी ओरडले असेन. तेवढ्यात एका म्हातारीने हँडल धरलं. काडीसारखी बाई, कपाळ मोकळं, हाताचे पंजे मात्र मोठे. बाकीच्या तिला वाट देत होत्या. आमच्याकडे मोकळ्या कपाळाची बाई ओवाळायला पुढे होत नाही, कुणी होऊही देत नाही. इथे तिच्याच हातात पहिलं ताट होतं. शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली, "तिचा मुलगा गेला ना गोळीबारात. नाक्यावर पहिला मान तिचा."

म्हातारी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "जाते म्हणू नये बाय. येते म्हण." आणि मग हळू, मला एकटीला ऐकू येईल असं, "माझो झील पण असोच घाईत होतो."

मी हँडल ओढायची थांबले. ओढलं असतं तर सुटलं असतं, एवढा जोर माझ्या हातात होता. पण जमलं नाही मला. तिने सावकाश ओवाळलं. इतकं सावकाश की मला वाटलं आता किंचाळावं. सुपारीने, मग निरांजनाने, मग डोळ्यांना पाणी. तिचं झालं तशी दुसरी पुढे आली, मग तिसरी, कारण एकीचं घेतलं तर दुसरीचं टाकायचं कसं. मी घोड्यासारखी उभी होते आणि मान खाली घालून कपाळ पुढे करत होते. शेवटी म्हातारीनेच सगळ्यांना हाताने बाजूला केलं. "परत येऊन तोंड दाखव," म्हणाली. "नाक्यामागची चाळ, तळमजला, नळाजवळची खोली. ओवाळलेल्या माणसाने परत येऊन दाराशी उभं राहावं लागतं." मी "येते" म्हणाले आणि निघाले. सुटका व्हावी म्हणून म्हणाले.

चिंचपोकळीपासून पुढे मी कशी गेले ते मला आठवत नाही. भायखळ्याला ट्रामच्या आणि बैलगाडीच्या मधून घुसले, गाडीवान शिव्या देत राहिला. गळ्यातली माळ तोंडावर येत होती. ती काढायलाही हात सोडला नाही, दातांत धरली. चौपाटीच्या वळणावर आले तेव्हा वडील रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात हलवत होते. त्यांच्या मागे दोन बांबू होते. दोरी नव्हती. ती चिटणीसांच्या हातावर गुंडाळून झाली होती आणि तिच्या पताका लोंबत होत्या.

मी सांगितलं काय झालं ते. माझ्या कपाळावर कुंकवाचा थर होता, सदऱ्यावर तेल, पुरावा द्यायची गरजच नव्हती. वडील, ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, ते चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, त्या बायकांना झिडकारून आली असती तर तुम्हाला आवडलं असतं का?" चिटणीस खाली बघत म्हणाले, "मीही चळवळीतलाच आहे. माझा भाऊ आत्ता तुरुंगात आहे. पण उद्या दुसरा म्हणेल मला अमक्याने अडवलं. नियम एकाला मोडला की सगळ्यांना मोडला." त्यांनी माझ्या नावावर रेघ ओढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रेघ सरळ होती. पुढल्या वर्षी बायकांची शर्यत झाली नाही. त्याच्या पुढल्याही नाही. चाळीतल्या त्या दोघींची लग्नं झाली.

घरी आल्यावर आईने पाणी काढून दिलं आणि न विचारता वरणभात वाढला. जेवणार कोण. मी गॅलरीत बसून कुंकू पुसत राहिले, ते काही केल्या जाईना. माझं दुःख असं होतं की मी दमून हरले असते तर चाललं असतं. रुळात चाक जाऊन तोंड फुटलं असतं तरी चाललं असतं. मला चुकीच्या मानाने हरवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या ट्रकसाठी तयार केलेल्या ताटांनी. ऊन उतरायला लागलं तशी मी उठले आणि सायकल काढली. आईने विचारलं, कुठे. म्हटलं, भांडायला.

आणि खरोखर भांडायलाच गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. तुमच्या हौशीपायी एका मुलीचं काय झालं ते कळू द्या, तोंड दाखवायला सांगितलंत ना, हे घ्या तोंड. नाक्यावर आता झेंडूच्या पाकळ्या आणि विझलेल्या वाती तेवढ्या पडल्या होत्या. चाळ सापडली, नळ सापडला. म्हातारी उंबऱ्यातच बसली होती. मी सायकल भिंतीला लावेपर्यंत ती उठून आत गेली आणि बाहेर आली ती एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन.

"थांब थयच," म्हणाली.

गावाहून, दुखण्यातून, लढाईवरून परतलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. तिने तो माझ्यावरून तीनदा उतरवला, लांब फेकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि ओल्या हाताने माझ्या डोळ्यांना लावलं. मी वाटेत जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडात घेऊन तशीच उभी.

आत गेल्यावर तिने विचारलं, "जिंकलीस शर्यत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्हाला ठाऊक होतं? मी सत्याग्रही नव्हते हे?"

"पाठीर नंबर लावन सत्याग्रहाक कोण जाता?"

"मग थांबवलंत कशाला?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून एक बाई डोकावून गेली. "सगळ्यांचं चुकलं होतं, तुमचं तर चुकलं नव्हतं. का धरलंत माझं हँडल?"

ती माझ्या ओरडण्याने दबली नाही. गिरणीत जन्म गेलेला, साच्यांच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे काय. जमिनीवर बसली, मलाही बसायची खूण केली. तिचं बोलणं मालवणीत सुरू व्हायचं आणि माझ्याकडे बघितलं की मुंबईच्या मराठीवर यायचं.

"तो गेला तेव्हा मी पाळीवर होते. बाहेर काय चाललंय ते गिरणीत कुठे कळतं. जिन्यात शेजारणीला जातो म्हणाला आणि धावत गेला. येतो म्हणायला कोण नव्हतं सांगायला." "आता हे ट्रकवाले. सगळ्यांना मीच पहिली ओवाळते, मान देतात लोक. ते बेळगावला जातात, तुरुंगात जातात, सुटतात. सुटले की आपापल्या घरी जातात. जायलाच पाहिजे, त्यांच्या आया बघत असतात वाट. माझ्या दारात कोण येणार? तुला बघितलं, नंबर बघितला. म्हटलं, ही आजच्या आज परत येणारी आहे. एकदा तरी मी ओवाळलेलं माणूस परत आलेलं मला बघायचं होतं."

मला तिचा भयंकर राग आला. हे मला लिहायलाच हवं, कारण ही गोष्ट मी जिला जिला सांगितली तिने तिने इथे डोळे पुसले आणि मी किती मोठ्या मनाची असं म्हटलं. नव्हते मी मोठ्या मनाची. तिने माझे तीन दिवस घेतले होते, मला न विचारता, आणि त्या दोघींचं पुढलं वर्षही. ते मी तिला दिलेलं नव्हतं. तो राग आजही माझ्यात आहे. आणि तरी त्या क्षणी मला मान वर करून तिच्याकडे बघता येईना.

"हरले," मी म्हणाले. "तुमच्यामुळे हरले."

तिने ऐकून घेतलं. माफी मागितली नाही, समजूतही काढली नाही.

"हरलंस तर हरलंस," म्हणाली. "इलंस मा परत."

मग ती चुलीकडे वळली. चुलीपाशी दोन पाट मांडलेले होते आणि दोन ताटं, त्यातलं एक भाकरी वाढून झाकून ठेवलेलं, कधीपासून कोण जाणे, भाकरी पार गार झाली होती. त्या ताटावर बसले आणि सकाळपासूनची उपाशी मी, पोटभर जेवले.